नकार पचवायचा कोणी?

परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शन शिबिरांत हल्ली एक वाक्य हटकून ऐकू येतं : ‘तुमच्यात दम असेल तर जगातलं कुठलंही विद्यापीठ तुम्हाला नाही म्हणणार नाही.’ भिवंडीतली शिबिरंही त्याला अपवाद नाहीत. वक्ता बहुधा ठाण्या-मुंबईहून आलेला असतो, टाळ्या पडतात, माहितीपत्रकं वाटली जातात. मग मार्च-एप्रिलमध्ये ईमेल यायला लागतात आणि त्याच वाक्याची उलटी बाजू घरोघरी पोचते. नाही म्हणाले ना? म्हणजे दम नव्हता. आता दुसऱ्या व्याख्यानाची वेळ होते. त्याचा विषय ‘नकार पचवायला शिका’. त्यात सकारात्मक विचार, पहाटे उठणं, दीर्घ श्वास, आणि शेवटी एखाद्या उद्योगपतीला कुठल्याशा विद्यापीठाने कसं नाकारलं होतं त्याची गोष्ट.

माझा आक्षेप या दोन्ही व्याख्यानांना आहे, कारण ती एकाच चुकीवर उभी आहेत. नकार ही मुलाच्या आत घडणारी घटना आहे, असं दोन्हीकडे धरून चाललेलं असतं. आधी त्याची गुणवत्ता कमी पडली, मग त्याचं मन कमकुवत निघालं. विद्यापीठ, दूतावास, बँक, मंत्रालय हे सगळे या गोष्टीतून अलगद बाहेर निघून जातात आणि खुर्चीवर एकटं पोरगं उरतं.

आपल्याकडची मुलं गुणवत्ता यादीवर वाढलेली असतात. दहावीचे टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल, कॅप राउंडचा कट-ऑफ. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत, पण आपण कुठे पडलो ते कळतं. शेवटचा प्रवेश कितीवर बंद झाला ते दिसतं आणि आपण किती मागे राहिलो ते मोजता येतं. अमेरिकेतली पदवीची प्रवेशप्रक्रिया ही अशी परीक्षाच नाही. तिथे समिती वर्ग ‘घडवते’. प्रवेशांत भेदभाव होतो या आरोपावरून हार्वर्डवर खटला चालला तेव्हा तिथल्या प्रवेशांची आकडेवारी न्यायालयात उघड झाली. तिच्या आधारे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी त्रेचाळीस टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले होते. २०१९ मध्ये ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरण बाहेर आलं. पैसेवाल्या पालकांनी पोरांना खोटे खेळाडू बनवून मोठमोठ्या विद्यापीठांत घुसवलं होतं. हे सगळं ठाऊक असूनही भिवंडीतल्या शांतीनगरच्या मुलीला आपण सांगणार, की तुला घेतलं नाही कारण तू कमी पडलीस?

त्याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची, आणि ती शिबिरात कोणी सांगत नाही. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी आणि त्याची गरज पूर्ण भागवणारी अमेरिकी विद्यापीठं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, अलीकडे डार्टमथ, बोडन आणि अशी आणखी दोन-चार. बाकीच्या बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली, की ती मागणीच निर्णयात धरली जाते. याचा अर्थ उघड आहे. तेच गुण, तोच निबंध, तेच शिफारसपत्र असलेल्या दोघांपैकी ज्याचा बाप पूर्ण फी भरू शकतो त्याला होकार आणि यंत्रमाग कामगाराच्या मुलाला नकार, हे विद्यापीठाच्या नियमांत बसतं. त्यात लबाडी नाही, पण त्याला गुणवत्तेचा निकाल म्हणणं ही मात्र लबाडी आहे.

भिवंडीत ग्रे कापडाचा व्यापारी माल तपासतो तेव्हा ताण्याचा धागा कुठे तुटला, बाना कुठे विरळ पडला, डाग कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवतो आणि मग पैसे कापतो. मागवाला कुरकुरतो, भांडतो, पण पुढच्या बीमला काय सुधारायचं ते त्याला समजतं. विद्यापीठाच्या नकारपत्रात एवढंही नसतं. ‘यंदा असामान्य दर्जाचे अर्ज आले, खेदाने कळवतो.’ चार ओळी, सगळ्यांना सारख्याच. कारण न सांगणाऱ्या पत्रावरून मुलाने आत्मपरीक्षण करावं, असा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः त्या चार ओळींतून काहीतरी काढून दाखवावं.

बरं, भिवंडीतल्या मुलाला मिळणारे सगळेच नकार विद्यापीठाचे असतात का? मला तर उलटं दिसतं. विद्यापीठाचा नकार बऱ्याचदा सर्वांत सौम्य असतो, कारण तो यायलाही आधी अर्ज करावा लागतो. जीआरईचं शुल्क बावीस हजारांच्या घरात, आयईएलटीएसचं सतरा-अठरा हजार, आणि अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांना अर्ज केले तर त्यांच्या शुल्काचे आणखी पन्नास-साठ हजार. हे सगळे पैसे नकार आला तरी परत मिळत नाहीत. मागावर बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी असलेल्या घरात लाखभर रुपये केवळ ‘विचारून पाहायला’ घालायचे असतात. त्यामुळे ठाण्याचा मुलगा दहा ठिकाणी अर्ज करतो आणि भिवंडीची मुलगी दोन ठिकाणी. दहापैकी आठ नकार आले तरी तो मुलगा पेढे वाटतो. दोनपैकी दोन आले, की ही नापास. यात मनोबलाचा संबंध कुठे आला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

प्रवेश मिळाला असं धरू. मग बँक. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात, आणि परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. आता भिवंडीत तारण म्हणून ठेवायला लोकांकडे काय असतं ते पाहा. पागडीची खोली. भाड्याच्या गाळ्यातले माग. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतला फ्लॅट. काल्हेर-पूर्णा-माणकोलीच्या पट्ट्यात बिनशेती न झालेल्या जमिनीवर उभं केलेलं गोदाम, ज्याचं भाडं दर महिन्याला वेळेवर येतं पण कागद बँकेच्या वकिलापुढे टिकत नाही. म्हणजे घरात पैसा असूनही पत नाही, अशी कुटुंबं या तालुक्यात पुष्कळ आहेत, आणि पैसाही नाही पतही नाही अशी त्याहून जास्त. तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था चढं व्याज लावतात आणि सहकर्जदाराचं आयकर विवरणपत्र किंवा पगारपत्रक मागतात. मीटरवर मजुरी घेणाऱ्याला पगारपत्रक कोण देणार? केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आली, पण ती देशातल्या निवडक संस्थांतल्या शिक्षणासाठी.

‘पढो परदेश’ नावाची एक योजना होती. अल्पसंख्याक समाजातल्या, वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलांनी परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढलं, की शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरत असे. २०१३-१४ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली. भिवंडीसारख्या मुस्लिमबहुल कामगार शहरासाठी याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. हा नकारच होता. फक्त तो ईमेलने आला नाही आणि कुणा एका मुलीच्या नावाने आला नाही, म्हणून त्यावर ‘पचवायला शिका’ची शिबिरं भरली नाहीत.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचं काय झालं तेही पाहा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा. २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रं दिली गेली आणि उरलेल्या ६६ जणांना कळवलं गेलं, की निधी उपलब्ध झाला तर विचार होईल. ही निवडलेली मुलं होती. त्यांची गुणवत्ता सरकारनेच मान्य केलेली होती. यांनी नेमका कोणता दीर्घ श्वास घ्यायचा? राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती चांगली योजना आहे आणि तिने अनेकांची आयुष्यं बदलली आहेत, पण तिच्याही जागा ७५. जिथे जागाच मोजक्या, तिथे बाहेर राहिलेल्याला नालायक ठरवायची घाई कशाला?

व्हिसाचा नकार हा आणखी वेगळा प्राणी. अमेरिकी कायद्याचं कलम २१४(ब) असं धरून चालतं, की समोर उभा असलेला प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी विद्यार्थ्यावर, आणि त्यासाठी खिडकीपुढे मिळतात दोन-तीन मिनिटं. अमेरिकेच्या २०२३-२४ या आर्थिक वर्षात एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचे जगभरातून सुमारे ६ लाख ७९ हजार अर्ज आले, त्यांतले २ लाख ७९ हजार फेटाळले गेले. म्हणजे एक्केचाळीस टक्के. या प्रत्येकाच्या हातात तिथल्या एखाद्या संस्थेचा होकार होता. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि आदल्या वर्षापेक्षा पस्तीस टक्के कपात जाहीर केली. कारण काय, तर तिथली घरटंचाई. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये व्हिसाचं शुल्क ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून एकदम १६०० वर नेलं. २०२५ च्या वसंतात तर अमेरिकेत संशोधन निधीची कात्री चालली, आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलने पीएचडीसाठी दिलेले प्रवेश परत घेतले. एकदा ‘ये’ म्हणून सांगितलेल्यांना ‘नको येऊस’ कळवलं. टोरांटोतलं घरभाडं वाढलं म्हणून भिवंडीतल्या पद्मानगरच्या मुलाचा आत्मविश्वास तपासायचा, हा न्याय अजबच आहे.

आपल्या दारातली गोष्टही विसरून चालणार नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं आणि सगळा कारभार कोलमडला. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. तोवर परदेशातली सत्रं सुरू होत आली होती, आणि ‘अंतिम गुणपत्रिका दाखवा’ या अटीवर प्रवेश मिळालेली मुलं विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या खिडक्यांपुढे रांगा लावत होती. ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुखांना पदावरून हटवण्यात आलं. कुलगुरू गेले हे ठीकच झालं, पण ज्यांचं वर्ष गेलं त्यांच्या घरी नातेवाइकांनी काय म्हटलं असेल? ‘मिळाला नाही वाटतं प्रवेश.’

आता दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतलं पाहिजे, कारण ती बाजू सगळीच खोटी नाही. माझे काही प्राध्यापक सहकारी म्हणतात, की मुलं तयारीच करत नाहीत. हेतुपत्र आंतरजालावरून उचलतात किंवा एजंटाकडून लिहून घेतात. एकाच कार्यालयातून गेलेल्या वीस अर्जांत ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं’ हेच पहिलं वाक्य असतं. हे खरं आहे, असे अर्ज मी वाचलेले आहेत आणि ते वाचवत नाहीत. असा अर्ज नाकारला गेला तर त्यात कोणाची चूक शोधायची नाही. पण मूल एजंटाकडे का जातं, तेही विचारू या. जातं, कारण कॉलेजात विचारायला कोणी नसतं. आणि ‘फुकट सल्ला’ देणाऱ्या एजंटाला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं प्रत्येक विद्यार्थ्यामागे दलाली देतात, त्यामुळे जिथे दलाली नाही ती विद्यापीठं त्याच्या यादीत सहसा येतच नाहीत. मुलगा कुठे अर्ज करतो, हेच मुळात दुसऱ्याच्या धंद्याने ठरलेलं असतं. २०२३ मध्ये कॅनडातल्या शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच कळलं, की आपल्याला कधी प्रवेश मिळालाच नव्हता. यापेक्षा साधा, सरळ नकार कितीतरी परवडला.

दुसरे विचारतात, इथे काय कमी आहे, जायचंच कशाला? हा प्रश्न मला फक्त एका अटीवर मान्य आहे : विचारणाऱ्याची स्वतःची मुलं इथे शिकत असली पाहिजेत.

उरला मुद्दा थोरामोठ्यांच्या गोष्टींचा. नकार मिळालेल्या मुलांना प्रेरणा म्हणून परदेशातल्या अब्जाधीशांची नावं सांगायची गरज नाही, खाडीपलीकडच्या कल्याणचंच उदाहरण आहे. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशींसाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी कोल्हापुरातून अमेरिकी मिशनऱ्यांना मदत मागणारं पत्र लिहिलं, तेव्हा मिशनरी रॉयल वाइल्डर यांचं उत्तर उत्साह वाढवणारं नव्हतं. त्यात ख्रिस्ती होण्याचाच उपदेश होता. पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी तो दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना वाचला, आणि पुढचं सगळं त्यांच्यामुळे सुरू झालं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या होत्या पंडिता रमाबाई. रमाबाईही १८८३ मध्ये डॉक्टर व्हायलाच इंग्लंडला गेल्या होत्या. त्यांना वैद्यकीय शिक्षण नाकारलं गेलं, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. संस्कृत पंडितांच्या सभा जिंकलेल्या बाईंना नाकारलं गेलं ते कानांमुळे.

व्याख्याते याचं काय करतील ते मला दिसतंय. नकारातूनच रमाबाई घडल्या, असं म्हणून टाळ्या घेतील. पण त्या वर्षांत रमाबाई एकट्या नव्हत्या. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आणि त्यांच्या लहान मुलीला आसरा दिला होता. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांनी त्यांना शिकायची आणि शिकवायची जागा दिली. अमेरिकेत लोकांनी संस्था काढून पैसा उभा केला, आणि त्याच पैशातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. रमाबाईंचं धैर्य मोठं होतंच, मी ते तसूभरही कमी करत नाही. पण ते धैर्य टिकलं कारण छप्पर होतं, काम होतं आणि पत्राला उत्तर देणारी माणसं होती. हे काहीच नसलेल्या किती जणी त्याच काळात नकार घेऊन घरी बसल्या, त्यांची चरित्रं कोणी लिहिलेली नाहीत. प्रेरणादायी गोष्टींचा हाच घोटाळा आहे. त्या तरून गेलेल्यांनी सांगितलेल्या असतात.

म्हणून नकार आलेल्या मुलामुलींशी बोलताना मी त्यांचं मन घट्ट करायच्या फंदात पडत नाही. मी आधी विचारतो, हा ‘नाही’ कोणाचा? विद्यापीठाचा असेल तर विनंती करून कारण विचारता येतं. ब्रिटनमधले काही विभाग सांगतातही. प्रतीक्षायादीत नाव आहे का, पुढच्या सत्रात पुन्हा अर्ज चालेल का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. व्हिसाचा असेल तर त्याच विद्यापीठाला प्रवेश एक सत्र पुढे ढकलायची विनंती करायची, अनेक ठिकाणी ती मान्य होते, आणि कागदांत काही बदललं असेल तरच पुन्हा मुलाखतीला जायचं. पैशाचा असेल तर देशांची यादीच बदलायची. जर्मनीत बहुतेक राज्यांच्या सरकारी विद्यापीठांत आजही शिकवणी शुल्क नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला दीड हजार युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून शुल्क सुरू केलं आहे. भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र लागतं आणि खात्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी गोठवून ठेवावे लागतात, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. फुकट म्हणतात ते हे असं फुकट. पण हा आकडा अर्ज करण्याआधी माहीत असणं आणि प्रवेश मिळाल्यावर कळणं यात एका वर्षाचं अंतर आहे.

आणि घरच्यांशीही बोलावं लागतं. आगरी गावात काका विचारतो, ‘काय रं, तुज्या लंडनचा काय झाला?’ शांतीनगरात खाला विचारते. दोघांच्या विचारण्यात प्रेम असतं, पण ऐकणाऱ्याला ते हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न फार लवकर लग्नापाशी पोचतो. एक नकार आला, की ‘झालं ना करून, आता पुरे’. मुलाला दुसरं वर्ष मिळतं, मुलीला ते मागून घ्यावं लागतं. तेव्हा वडिलांना समोर बसवून, कोणत्या खिडकीवर काम अडलं आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत काय करता येईल हे कागदावर लिहून दाखवलं, तर ते ऐकतात असा माझा अनुभव आहे. मुलगी नापास झालेली नाही हे त्यांना पटतं, कारण त्यांनी स्वतः आयुष्यभर खिडक्यांवरचे नकार घेतलेले असतात. कारण न सांगता परत पाठवलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

ज्यांना शिकवावं लागेल ते वेगळेच आहेत. बँकेचा शाखाधिकारी, जो फाइल न उघडता ‘तुमच्या भागातलं तारण चालत नाही’ म्हणतो. समाजकल्याण आणि अल्पसंख्याक विभागातले अधिकारी, ज्यांच्या जाहिराती विद्यापीठांच्या मुदती उलटल्यावर निघतात. आणि आम्ही प्राध्यापक. परदेशी अर्जात शिफारसपत्राला वजन असतं, कारण समितीला मुलाबद्दल दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं असतं. एक धड पत्र लिहायला दोन तास लागतात : मुलाने कोणता प्रकल्प केला, कुठे अडला, काय विचारलं. आमच्यातले बरेच जण ते पत्र मुलालाच लिहून आणायला सांगतात आणि खाली सही ठोकतात. एकोणीस-वीस वर्षांचं संकोची पोरगं स्वतःबद्दल ‘मेहनती आणि प्रामाणिक’ याच्या पलीकडे काय लिहिणार? ते पत्र हजारो मैलांवरच्या समितीपुढे जातं, आणि तिच्या सदस्यांना वाटतं, की या मुलाला त्याचे शिक्षकही ओळखत नाहीत.